नोकरी, घर आणि अभ्यास: वेळ आणायचा कुठून?

रविवारचं संपर्कसत्र, म्हणजे मुक्त विद्यापीठाचा वर्ग, संपलं की कोणीतरी हमखास मागे थांबतं आणि विचारतं, मॅडम, अभ्यास करायचाय हो, पण वेळच मिळत नाही. विचारणारी कधी अंगणवाडीतली मदतनीस असते, कधी एमआयडीसीत तीन शिफ्टमध्ये राबणारा मुलगा, कधी एसटीतले कंडक्टर दादा, आणि कधी पंचेचाळिशीतली एखादी ताई जिचं बारावीच्या आधीच लग्न झालं आणि आता लेक कॉलेजला जायला लागल्यावर तिला वाटलं की आपलंही राहिलेलं पूर्ण करूया. मी स्वतः नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बीए आणि मग एमए केलं आणि आता रविवारी अभ्यासकेंद्रावर इतिहास शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी माहितीये. दर वेळी बस सुटायच्या घाईत अर्धंमुर्धं उत्तर दिलं जातं, म्हणून आज नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, वेळ मिळत नाही म्हणजे तुम्ही आळशी आहात असं अजिबात नाही. यूट्यूबवर टाइम मॅनेजमेंटचे जे व्हिडिओ असतात ते बहुतेक वीस वर्षांच्या मुलांसाठी असतात, ज्यांचा दिवस त्यांचा स्वतःचा असतो. पहाटे चारला उठा, दिवसाचे आठ तास द्या, रूमचं दार लावून घ्या. ज्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, सकाळी सहाला नळ येतो आणि पावणेसातला जातो, साडेसातला दोन डबे भरायचे असतात, तिथे कुठलं दार लावणार? मोठेपणी शिकणाऱ्या माणसाचा दिवस आधीच वाटला गेलेला असतो, थोडा सासूबाईंना, थोडा मुलांना, थोडा साहेबांना, थोडा हप्त्यांना. त्यामुळे वेळ काढण्याआधी तो कोणाकडे अडकलाय ते बघावं लागतं आणि त्या माणसाशी बोलावं लागतं. मला या सगळ्यात हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

आपल्याकडे ज्यांनी ज्यांनी मोठ्या माणसांना शिकवायचं मनावर घेतलं त्यांनी आधी वेळेचाच विचार केलेला दिसतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची काढली, कारण दिवस कामाचा होता आणि दिवसभर राबणाऱ्याला तुम्ही सकाळी अकराला या म्हणून चालणार नव्हतं. मुंबईतल्या रात्रशाळा आजही संध्याकाळी कामं सुटल्यावर भरतात. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन जातात ते फोटो तुम्ही पाहिले असतील, ती शाळा दुपारी दोन ते चार भरते. दोन ते चारच का, तर सकाळचं घरातलं आणि शेतातलं आवरलेलं असतं आणि संध्याकाळची चूल अजून पेटायची असते! आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याची संपर्कसत्रंही बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या दिवशीच होतात. म्हणजे माणसाला शाळेच्या वेळेत कोंबायचं नाही, शाळेची वेळ माणसापाशी न्यायची. घरी अभ्यास करताना आपणही स्वतःसाठी तेवढंच करायचंय.

मग तुमचा दोन ते चार कुठला? पहाटेच बसायला पाहिजे असा काही नियम नाहीये. दिवसातली कुठली वेळ अशी आहे की तुम्हाला कोणीच हाक मारत नाही, एवढं आठवडाभर लक्ष ठेवून बघा. आमच्या बॅचमधल्या एका कंडक्टर दादांची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी शेवटची फेरी करून गाडी गावात लावायची आणि सकाळी तीच घेऊन परत यायचं. गावात पोचल्यावर जेवण झालं की करायला काही नाही, ड्रायव्हर झोपलेले, मोबाइलला रेंज नाही. त्यांनी तिथेच गाडीत दिवा लावून अर्थशास्त्राचं पुस्तक संपवलं. घरी आल्यावर ते पुस्तकाला हातही लावत नसत आणि मला ते अगदी बरोबर वाटतं, कारण घरी आल्यावरचा वेळ पोरांचा होता. एका ताईंना मुलाच्या क्लासबाहेर बसायचा तास मिळायचा, तिथे बाकीच्या आया गप्पा मारत असताना आपण पुस्तक उघडायला सुरुवातीला लाज वाटायची असं त्या म्हणायच्या, नंतर त्यातल्याच दोघींनी पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशन घेतली.

शिफ्टवाल्यांचं वेगळं आहे. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्याने रोज सहा ते सात अभ्यास असं एकच टाइमटेबल केलं की ते दुसऱ्याच सोमवारी मोडतं, आणि टाइमटेबल मोडलं की माणूस स्वतःला दोष देत बसतो, तर तसं न करता सरळ तीन टाइमटेबल लिहायची, फर्स्टचं वेगळं, सेकंडचं वेगळं, नाइटचं वेगळं, आणि तिन्ही कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवायची. फर्स्ट शिफ्ट म्हणजे सात ते तीन असेल तर घरी येऊन चहा झाल्यावरचा तास चांगला. सेकंड असेल तर सकाळ मोकळी असते, तेव्हाच जड विषय उरकायचा. नाइटच्या आठवड्यात मात्र सकाळी घरी आल्या आल्या पुस्तक घेऊन बसू नका. आधी झोप. झोपेतच डोकं दिवसभराचं वाचलेलं पक्कं करत असतं, झोप मारून केलेला अभ्यास टिकत नाही. दुपारी उठून जेवून मग तासभर पुरे. आणि शिफ्ट बदलायच्या दिवशी काहीच झालं नाही तरी चालतं, तो दिवस मोजायचाच नाही.

आता मिळालेल्या वेळात करायचं काय, कारण खरी गळती इथे होते. आपल्याला शाळेत अभ्यास म्हणजे वाचन असंच शिकवलंय. वाचा, परत वाचा, पिवळ्या पेनने रेघा मारा. ज्याच्याकडे दिवसभर वेळ आहे त्याचं त्यावर भागेल, तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ साली एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून तोच परत वाचला आणि काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा परत वाचणाऱ्यांना साधारण ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे परत परत वाचलं की आपल्याला येतंय असं वाटतं खरं, पण पेपरला बसल्यावर सापडत नाही, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय.

मी वर्गात हे करून घेते. समजा १८५७ च्या उठावाची कारणं शिकवली, खालसा धोरण, काडतुसांचं प्रकरण, शिपायांचे भत्ते, सगळं बोलून झालं की पुस्तकं बंद करायला सांगते आणि म्हणते, आता पाच मिनिटं आठवेल ते कागदावर लिहा. पहिलं मिनिट सगळे एकमेकांकडे बघतात. कोणीतरी पुस्तक हळूच उघडायला जातं. मग एक पेन चालायला लागतं, मग दुसरं, आणि पाच मिनिटांनी थांबा म्हटलं तर थांबत नाहीत. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनाने भरायचं. तो लाल भाग म्हणजे तुमचा उद्याचा अभ्यास, काळं आहे ते तुम्हाला येतंय, त्यावर परत वेळ घालवायचा नाही. घरी वीस मिनिटं असली तर दहा मिनिटं वाचा, पाच मिनिटं न बघता लिहा, पाच मिनिटं लाल पेन. आणि दुसऱ्या दिवशी नवीन काही उघडायच्या आधी कालचं पाच मिनिटं आठवून बघा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या दिवसातच निसटतं, नंतर निसटायचा वेग कमी होतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची ती पाच मिनिटं फार मोलाची.

ज्यांना बसून लिहायलाही मिळत नाही त्यांनी प्रश्न मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करावेत. फक्त प्रश्न, उत्तर नाही, आणि प्रश्नानंतर थोडी शांतता सोडायची. भाकऱ्या करताना कानात लावलं की प्रश्न येतो आणि आपण मोठ्याने उत्तर द्यायचं. घरातले आधी हसतात आणि मग मुलं स्वतःच प्रश्न विचारायला लागतात, हे मी कितीतरी घरांतून ऐकलंय.

एक फार साधी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे हात. पंधरा-वीस वर्षं ज्याने सही, किराणा यादी आणि फॉर्म यापलीकडे काही लिहिलेलं नाही त्याला परीक्षेत अडीच-तीन तास सलग लिहायचंय. तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं, मग मनगट भरून येतं, अक्षर मोठं होत जातं, ओळ खाली उतरते, आणि शेवटचे दोन प्रश्न येत असूनही अर्धवट राहतात. मार्क गेले की लोक म्हणतात आपली बुद्धी कमी पडली. बुद्धी नाही हो, हात कमी पडला! पेपरच्या दोन महिने आधीपासून रोज एक पान लिहा, मग दोन, मग रविवारी एक अख्खा पेपर घड्याळ लावून. पेन जास्त दाबावं न लागणारं घ्या आणि परीक्षेलाही तेच पेन न्या. चष्म्याचा नंबर वाढलाय का तेही आत्ताच तपासून घ्या, चाळिशीनंतर कितीतरी जणांना अभ्यासाचा कंटाळा येतो तो खरं तर बारीक टायपाचा असतो.

वयाचंही तेच. आता डोकं चालत नाही हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकते आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण वर्गात मला उलटं दिसतं. पाठांतर विशीत सोपं जातं हे मान्य, पण समजून घ्यायला आयुष्य लागतं. सहकार चळवळीचा धडा घ्या. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हे वाक्य कॉलेजातलं पोर पाठ करतं. आणि आमच्याकडे ज्याने स्वतः कारखान्यात हंगामी कामगार म्हणून गळीत हंगाम काढलेत तो माणूस सभासद, शेअर, ऊसतोड, बिलाचा हप्ता यावर स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहितो. परीक्षेत मुद्दे पुस्तकातले हवेत हे खरंय, पण ते लक्षात ठेवायला तुमच्याकडे आधीच खुंट्या आहेत, मुद्दा त्यावर अडकवायचा.

मोटिव्हेशनबद्दल. मूड आला की बसेन असं म्हणणाऱ्याचा मूड सहसा येत नाही. बसल्यावर पाच-सात मिनिटांनी लागते ती गोडी, त्याआधी नाही, त्यामुळे ती पाच-सात मिनिटं कंटाळ्यातच काढायची असतात हे एकदा मान्य केलं की बरंच सोपं होतं. मोटिव्हेशनल व्हिडिओ बघून अंगात आल्यासारखं वाटतं, पण ते बघण्यातच ती वीस मिनिटं जातात आणि काहीतरी केल्याचं समाधानही मिळून जातं, म्हणून ते अभ्यासाच्या आधी नकोतच. पुस्तक कागदाचं ठेवा, पीडीएफ मोबाइलवर उघडली की वरून नोटिफिकेशन आलंच.

माझ्या पाहण्यात टिकतात ते लोक ज्यांना जोडीदार आहे. दिवाळीपर्यंत वर्ग भरलेला असतो, दिवाळीनंतर पातळ व्हायला लागतो, आणि जे राहतात ते बहुतेक दोघं दोघं येणारे असतात. एकीला कंटाळा आला की दुसरी फोन करते, अगं निघालीस का, मी स्टँडवर उभी आहे. म्हणून पहिल्याच महिन्यात वर्गातलं एक माणूस धरा, जवळच्या गावचं, साधारण तुमच्याच परिस्थितीतलं. रोज रात्री एकमेकांना आज काय केलं ते एका ओळीत पाठवायचं, काहीच झालं नसेल तर काही नाही एवढंच पाठवायचं, पण पाठवायचं. ग्रुपवर शंभर लोक गुड मॉर्निंग टाकतात त्याचा उपयोग होत नाही, एकच माणूस वाट बघत असलं की होतो.

आणि कशासाठी शिकताय ते स्वतःला स्पष्ट माहिती पाहिजे. काहींचं अगदी ठरलेलं असतं, अंगणवाडीत आता किमान बारावी लागते, खात्यातल्या प्रमोशनला पदवी लागते, म्हणून मग सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा, फॉर्म भरून आधी दहावी-बारावी आणि नंतर पुढचं. असं कारण असलं की बरं असतं. पण कितीतरी बायकांना विचारलं तर त्या चाचरतात, म्हणतात तसं काही नाही मॅडम, आपलं शिकायचं होतं तेव्हा जमलं नाही म्हणून. अहो, हे पूर्ण कारण आहे! याच्यापुढे काही लागत नाही. आता शिकून काय कलेक्टर होणारेस का, असं विचारणारं घरात, गल्लीत कोणीतरी असतंच, आणि त्याला पटेल असं उत्तर शोधण्यात आपली ताकद घालवायची नाही. मला शिकायचंय, एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा.

घरच्यांशी बोलायचं कसं यावर मी जरा जास्तच बोलते वर्गात. मला जरा मदत करत जा असं म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि काही बदलत नाही. त्यापेक्षा मंगळवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ मी बसणार, त्या दोन दिवशी भांडी तुम्ही घासायची, असं नाव, वार आणि वेळ घेऊन बोला. दोनच दिवस मागा, पण मागाल ते सोडू नका. सुरुवातीचे दोन आठवडे कोणी ना कोणी मध्येच येऊन विचारणार, मीठ कुठेय, चार्जर कुठेय, तेव्हा शांतपणे साडेनऊला सांगते म्हणायचं. मुलांकडे दुर्लक्ष होतंय असं वाटून बऱ्याच जणींचं मन खातं. मुलांना त्याच टेबलावर त्यांचा होमवर्क घेऊन बसवा, आई अभ्यास करतेय हे बघण्यात त्यांचं काही कमी होत नाही.

हे सगळं भिंतीवर दिसलं पाहिजे. आपल्याकडे घरोघरी कालनिर्णय असतं, त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर कधी लावला ते असतं, त्यावरच अभ्यासाचे वार गोल करा, असाइनमेंट द्यायची तारीख, फॉर्म भरायची शेवटची तारीख लिहा. आणि एकदा पूर्ण वर्षाची पानं उलटून बघा. गौरी-गणपतीचा आठवडा जाणार, दिवाळी जाणार, चैत्रात गावची जत्रा, एप्रिल-मेमध्ये लगीनसराई आणि नेमकी त्याच्याच आसपास परीक्षा. ते दिवस आत्ताच खोडून टाका. जे उरतात तेवढ्यातच धडे वाटा, म्हणजे जत्रेत जेवताना जीव टांगणीला लागत नाही. भावकीतल्या सगळ्या लग्नांना जायलाच पाहिजे का हेही तेव्हाच ठरतं, पत्रिका हातात आल्यावर नाही म्हणणं फार अवघड असतं.

एवढं करूनही एखादा महिना पूर्ण बुडतो. घरात आजारपण निघतं, कंपनीत ओव्हरटाइम लागतो. अशा वेळी बहुतेक लोक काय करतात, मागचं सगळं भरून काढायचं ठरवतात, दोन दिवस रात्री जागतात आणि तिसऱ्या दिवशी सगळंच सोडून देतात. मागचं राहू द्या. आज वर्गात जो धडा चालू आहे तिथून चालू करा आणि राहिलेल्यातलं महत्त्वाचं तेवढं जोडीदाराच्या वहीतून घ्या. अगदीच नाही जमलं तर एखादा विषय पुढच्या परीक्षेला ठेवा. राहिलेला विषय परत देता येतो, त्यात काही कमीपणा नाही, पण एका विषयासाठी सगळंच वर्ष सोडू नका.

आणि परीक्षेचं टाइमटेबल लागलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या, लेखी द्या आणि सोबत टाइमटेबलची झेरॉक्स जोडा. तोंडी सांगितलेली रजा ऐनवेळी नाकारली जाते हे मी खूप वेळा बघितलंय. फक्त पेपरच्या दिवसाची नको, सगळ्यात अवघड पेपरच्या आदल्या दिवसाचीही मागा. हॉल तिकिटावरचं नाव, फोटो आणि विषयांचे कोड आल्या आल्या तपासा, काही चुकलं असेल तर लगेच अभ्यासकेंद्रावर जाऊन सांगा. सेंटर दुसऱ्या गावाला असेल तर एकदा आधी जाऊन बघून या, पहिली बस किती वाजता आहे आणि ती चुकली तर पुढची कधी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.